स्टँडबाय डेटाबेस सर्व्हर तीन दिवस टेस्टिंगला वापरला तर काय बिघडेल?

दूधबिल_डीबीए

नमस्कार मंडळी. दूध संस्थांच्या संकलनाचं आणि बिलाचं सॉफ्टवेअर चालवतो. प्रायमरी, म्हणजे चालू कामाचा सर्व्हर, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत, पोस्टग्रेस १५, डेटा साधारण ६०० जीबी. स्टँडबाय, म्हणजे प्रायमरी पडला तर ताबा घ्यायला ठेवलेली त्याची सतत ताजी होणारी प्रत, पुण्यात, असिंक्रोनस स्ट्रीमिंग (बदल सतत जातात, पण प्रायमरी पोचेसाठी थांबत नाही), एक रिप्लिकेशन स्लॉट (स्टँडबायने कुठवर घेतलंय याची प्रायमरीवरची नोंद), मधे १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन. रोज २५ जीबी वॉल (प्रत्येक बदलाची नोंदवही, स्टँडबायला हीच जाते) तयार होते, दहा दिवसांचं बिल पडतं त्या दिवशी ६० जीबीपर्यंत जाते. प्रायमरीवर वॉलसाठी १०० जीबीची वेगळी डिस्क आहे.

फॅट-एसएनएफच्या (दुधातली स्निग्धता आणि इतर घन घटक) दरपत्रकाचा मॉड्यूल नव्याने लिहिलाय आणि खऱ्या आकाराच्या डेटावर बिल पाडून बघायचंय. वरून सूचना आलीय की पुण्याचा सर्व्हर नुसता बसून असतो, तो तीन दिवस प्रमोट करा (म्हणजे स्वतंत्र, लिहिता येणारा करा), टेस्ट झाली की परत स्टँडबाय करा, नवीन मशीन मागू नका. तांत्रिकदृष्ट्या होईल असं वाटतंय, पण मन धजत नाही. नेमकं काय काय बिघडू शकतं, आणि वरच्यांना सांगायला आकडे कोणते, एवढं सांगा. एका साखर कारखान्याचं ओरॅकल १९सी पण आमच्याकडेच आहे, तिथेही हाच विषय निघणार आहे.

पंचगंगा_रूट

प्रमोट करू नका. तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडतो.

प्रमोट केलं त्या क्षणी पुण्याचा सर्व्हर शिरोलीकडून वॉल घेणं बंद करतो. नुसतं लावणं नव्हे, घेणंच बंद. म्हणजे तीन दिवसांचं सकाळ-संध्याकाळचं संकलन फक्त शिरोलीतल्या डिस्कवर असेल. दुसऱ्या दिवशी तिथला स्टोरेज गेला तर पुण्यात प्रमोट केलं त्या क्षणापर्यंतचाच डेटा, आणि त्यावर तुमच्या टेस्टची बिलं मिसळलेली.

पण त्याआधी दुसरंच काहीतरी होईल. तो स्लॉट प्रायमरीवर तसाच राहतो. घेणारा कोणी नाही, त्यामुळे प्रायमरी एकही वॉल फाइल पुसत नाही. साधे तीन दिवस असतील तर ७५ जीबी, कसंबसं बसेल. त्या तिनात बिलाचा एक दिवस आला तर २५ + २५ + ६० = ११० जीबी, आणि डिस्क १०० ची. वॉलची डिस्क भरली की पोस्टग्रेस पॅनिक देऊन बंद पडतो. टेस्ट पुण्यात चाललीय आणि शिरोलीतला चालू सर्व्हर आडवा, तोही नेमका बिलाच्या दिवशी.

यावर 'मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज' ही मर्यादा आहे, आवृत्ती १३ पासून. डीफॉल्ट उणे १, म्हणजे मर्यादाच नाही. ती ६० जीबी वगैरे लावली तर प्रायमरी वाचतो, पण त्यापुढे स्लॉट 'लॉस्ट' होतो. मग आर्काइव्हमध्ये (वॉल फाइलींच्या जपून ठेवलेल्या प्रतींमध्ये) सगळ्या वॉल फाइल शाबूत असतील तरच स्टँडबाय पुन्हा जुळेल. टेस्ट असो वा नसो, ही मर्यादा लावा आणि 'पीजी_रिप्लिकेशन_स्लॉट्स'मधल्या 'वॉल_स्टेटस' कॉलमवर अलार्म ठेवा.

आता परत स्टँडबाय करण्याचं. प्रमोट झाल्यावर पुण्याची टाइमलाइन, म्हणजे वॉलची शाखा, वेगळी होते, नुसतं पुन्हा जोडून चालत नाही. 'पीजी_रिवाइंड' (फाटा फुटला तिथवर मागे नेणारं साधन) चालवावं लागतं, आणि ते चालायला डेटा चेकसम किंवा 'वॉल_लॉग_हिंट्स' यांपैकी एक आधीपासून चालू हवं. आवृत्ती १५ मध्ये दोन्ही डीफॉल्टने बंद असतात. आज 'शो' देऊन बघा. बंद असतील तर रिवाइंडचा मार्ग तुम्हाला नाहीच. शिवाय रिवाइंड मधेच तुटलं तर ती डेटा डिरेक्टरी वापरण्याजोगी राहत नाही, नवा बेस बॅकअपच (अख्ख्या डेटाची कॉपी) घ्यावा लागतो. ६०० जीबी १०० एमबीपीएसवरून न्यायला, लाइन पूर्ण मोकळी धरली तरी ४८,००० सेकंद, म्हणजे १३ तास २० मिनिटं. आणि तीच लाइन रोजची वॉलही वाहते, तेव्हा प्रत्यक्षात याहून जास्तच.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. प्रमोट झालेल्या पुण्याच्या सर्व्हरवर 'आर्काइव्ह_कमांड' तीच राहिली असेल तर तो टेस्टची वॉल आणि नव्या टाइमलाइनची हिस्टरी फाइल मुख्य आर्काइव्हमध्ये टाकतो. आवृत्ती १२ पासून 'रिकव्हरी_टार्गेट_टाइमलाइन' डीफॉल्टने 'लेटेस्ट' आहे. उद्या त्या आर्काइव्हवरून रिस्टोअर करायची वेळ आली, तर रिस्टोअर टेस्टच्या टाइमलाइनवर जाऊ शकतं. खऱ्या बिलांऐवजी टेस्टची बिलं असलेला डेटाबेस उभा राहील, आणि लॉगमध्ये एकही एरर नसेल.

वरच्यांना सांगायला एक स्थानिक मुद्दाही आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद होता. अशा वेळी शिरोलीच्या सर्व्हरपर्यंत ना इंजिनिअर पोहोचतो, ना जनरेटरचं डिझेल. पुण्याचा सर्व्हर त्याच दिवसासाठी ठेवलाय. जुलै-ऑगस्टमध्ये तर त्याला हातच लावू नका.

गळीत_हंगाम

वरचं सगळं पोस्टग्रेससाठी बरोबर. कारखान्याच्या ओरॅकलचं वेगळं आहे, तिथे टेस्टसाठी अधिकृत सोय आहे: स्नॅपशॉट स्टँडबाय, ११जी पासून. फिजिकल स्टँडबाय माउंट अवस्थेत घ्यायचा, रिकव्हरी थांबवायची, 'कन्व्हर्ट टू स्नॅपशॉट स्टँडबाय' द्यायचं आणि डेटाबेस उघडायचा. तो वाचता-लिहिता येतो. ओरॅकल आतून गॅरंटीड रिस्टोअर पॉइंट ठेवतो आणि परत 'कन्व्हर्ट टू फिजिकल स्टँडबाय' दिलं की त्या बिंदूवर मागे येतो, टेस्टचं सगळं जातं. मुख्य फरक असा की या काळात रीडू (ओरॅकलची वॉल) येत राहतो, फक्त लावला जात नाही. म्हणजे डेटा गमावण्याचा धोका पोस्टग्रेसच्या प्रमोटइतका नाही. वाढतो तो उभं राहायला लागणारा वेळ.

तो वेळ मोजून ठेवा. आधी फ्लॅशबॅकने मागे येणं, मग इन्स्टन्स रीस्टार्ट, मग साठलेला सगळा रीडू लावणं. हे होईपर्यंत स्विचओव्हरही (ठरवून अदलाबदल) नाही आणि फेलओव्हरही (प्रायमरी पडल्यावर ताबा घेणं) नाही. तीन दिवसांत ७५ जीबी साठला आणि तुमचा स्टँडबाय सेकंदाला ४० एमबी लावत असेल तर नुसतं लावायलाच ३२ मिनिटं. ४० हा आकडा मी उदाहरणाला घेतलाय, तुमचा 'व्ही डॉलर रिकव्हरी प्रोग्रेस'मधून काढा.

बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती फास्ट रिकव्हरी एरियापाशी (रिकव्हरीच्या फाइलींची राखीव जागा). टेस्टमध्ये जेवढे ब्लॉक बदलतात त्यांचे फ्लॅशबॅक लॉग तिथे, आणि प्रायमरीकडून आलेले आर्काइव्हही तिथेच. गॅरंटीड रिस्टोअर पॉइंट असल्यामुळे ते फ्लॅशबॅक लॉग पुसले जात नाहीत. एरिया भरला की टेस्टचा डेटाबेस अडकतो आणि प्रायमरीचा रीडू घ्यायलाही जागा उरत नाही. ऊसबिलाचा हिशेब पूर्ण हंगामासाठी पुन्हा चालवला तर एका रात्रीत मोठा टेबल अख्खा बदलतो. टेस्ट किती बदल करणार याचा अंदाज घेऊन, त्यात साठणारा रीडू मिळवून, त्याच्या दीडपट तरी जागा मोकळी ठेवा.

अडचणी आणखी आहेत. फास्ट-स्टार्ट फेलओव्हर (आपोआप होणारा) चालू असेल आणि हाच त्याचा टार्गेट असेल तर कन्व्हर्ट होत नाही. मॅक्सिमम प्रोटेक्शनमध्ये (रीडू स्टँडबायला पोहोचल्याशिवाय कमिट होत नाही तो मोड) हा एकमेव स्टँडबाय असेल तरीही नाही. आणि उघडण्याआधी 'जॉब_क्यू_प्रोसेसेस' शून्य करा (म्हणजे वेळेवर चालणारे जॉब थांबतील), डीबी लिंकांचे (दुसऱ्या डेटाबेसच्या जोडण्यांचे) पत्ते टेस्टकडे वळवा. डीबी लिंक चालू राहिली तर टेस्टमधला एक 'अपडेट' थेट दुसऱ्या चालू डेटाबेसवर जाऊन पडतो. तो फ्लॅशबॅकने मागे येत नाही, कारण फ्लॅशबॅक फक्त या डेटाबेसचा.

लायसन्सचं पण बघा. स्नॅपशॉट स्टँडबायला अॅक्टिव्ह डेटा गार्ड हे वेगळं लायसन्स लागत नाही. पण रीडू लावणं चालू ठेवून स्टँडबाय वाचायला उघडला की 'ओपन_मोड'मध्ये 'रीड ओन्ली विथ अप्लाय' दिसतं आणि तो वापर फीचर युसेजमध्ये नोंदला जातो. कुणी 'जरा रिपोर्ट बघतो' म्हणून उघडला तरी नोंद होतेच. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनाही सांगून ठेवतो, पॅसिव्ह सेकंडरीला मिळणारी लायसन्सची सूट त्यावर टेस्ट किंवा रिपोर्ट चालवले की लागू राहत नाही.

एवढं करूनही माझं मत असं की कारखान्याकडे एकच स्टँडबाय असेल तर गळीत हंगामात हे करू नये. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्या धावपळीत उभं राहायचा वेळ वाढवणं परवडत नाही. करायचंच तर हंगाम संपल्यावर.

दूधबिल_डीबीए

दोघांचे आभार. चेकसम आणि वॉल_लॉग_हिंट्स दोन्ही 'ऑफ' निघाले, म्हणजे प्रमोटचा विषय मिटला. मग दोन पर्याय उरतात. एक, प्रमोट न करता स्टँडबायवर फक्त वाचणाऱ्या टेस्ट चालवायच्या. दोन, पुण्याच्याच मशीनवर कॉपी करून ५४३३ पोर्टवर दुसरा इन्स्टन्स उभा करायचा. कोणता बरा?

रंकाळा_एसक्यूएल

पहिला तुमच्या कामाचा नाही. हॉट स्टँडबायवर (फक्त वाचता येणाऱ्या स्टँडबायवर) टेंपररी टेबल बनत नाही, 'नेक्स्टव्हॅल' चालत नाही, 'सिलेक्ट फॉर अपडेट' चालत नाही, अनलॉग्ड टेबल वाचता येत नाही, इंडेक्स घालून बघता येत नाही. बिल पाडणारा मॉड्यूल पहिल्याच पायरीला थांबेल.

नुसते रिपोर्ट तपासायचे म्हटले तरी ते निरुपद्रवी नाहीत. प्रायमरीवर व्हॅक्यूमने (मेलेल्या ओळींच्या साफसफाईने) पुसलेल्या जुन्या ओळी तुमच्या लांबलेल्या क्वेरीला लागत असतील तर स्टँडबाय रिप्ले (वॉल लावणं) थांबवून वाट बघतो. 'मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले' डीफॉल्ट ३० सेकंद, त्यानंतर क्वेरी 'कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी' म्हणून मारली जाते. वैतागून कुणी तो आकडा उणे १ करतं, मग क्वेरी संपेपर्यंत रिप्ले ठप्प, आणि विसरलेलं एखादं उघडं ट्रान्झॅक्शन स्टँडबायला तासन्‌तास मागे ठेवतं. दुसरं कुणी 'हॉट_स्टँडबाय_फीडबॅक' चालू करतं, मग त्रास उलट्या दिशेने जातो: प्रायमरीला मेलेल्या ओळी पुसता येत नाहीत आणि संकलनाचे टेबल फुगत जातात. तुमचं असिंक्रोनस आहे म्हणून बरं. सिंक्रोनसमध्ये 'रिमोट_अप्लाय' (स्टँडबायने वॉल लावेपर्यंत कमिट थांबतं) असतं तर पुण्यातल्या एका रिपोर्टमुळे शिरोलीतले कमिट अडकले असते.

सेटिंगशी खेळणंही तिथे नको. 'मॅक्स_कनेक्शन्स' स्टँडबायवर प्रायमरीपेक्षा कमी केलं आणि रीस्टार्ट दिला तर तो उठत नाही. ओएस अपग्रेड 'आधी स्टँडबायवर करून बघू' हा तर सगळ्यात घातक प्रयोग. ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ मध्ये अक्षरांच्या क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. रेड हॅट ७ वर २.१७ आहे, ८ वर २.२८. प्रायमरी ७ वर आणि स्टँडबाय ८ वर गेला तर नावांवरचे इंडेक्स जुन्या क्रमाने बांधलेले आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय. सभासदाचं नाव टेबलात असून शोधाला सापडत नाही. आणि स्टँडबायवर रीइंडेक्स करता येत नाही.

दुसरा पर्याय दिशेने बरोबर, म्हणजे कॉपीवर टेस्ट. पण त्याच मशीनवर नको. बिलाच्या क्वेरीने मेमरी खाल्ली आणि लिनक्सच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की जागा करणारा) प्रोसेस मारली, तर ती स्टँडबायची नसेल याची खात्री नाही. एलव्हीएम थिन स्नॅपशॉटवर (लागेल तशी जागा घेणारी डिस्कची झटपट प्रत) करणार असाल तर आणखी एक: थिन पूल भरला की मूळ व्हॉल्यूमवरचं लिहिणंही अडकतं, म्हणजे स्टँडबायही. नाइलाजच असेल तर वेगळी फिजिकल डिस्क, सीग्रुपने मेमरीची मर्यादा, आणि स्टँडबायच्या लॅगवर सतत नजर.

पुण्यात एक साधं मशीन भाड्याने घ्या, आठवड्यापुरतं. ८०० जीबी ते १ टीबी एसएसडी, तीच पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती, तोच ओएस. कॉपी शिरोलीहून नाही, पुण्याच्या स्टँडबायवरून घ्यायची, म्हणजे लीज्ड लाइनवर भार नाही. स्टँडबायवरून बेस बॅकअप घेता येतो, ९.२ पासून. 'पीजी_बेसबॅकअप'ला वॉल 'स्ट्रीम' ठेवा आणि 'मॅक्स-रेट' ५०एम द्या. म्हणजे ६०० जीबीला साधारण साडेतीन तास, आणि स्टँडबायच्या डिस्कला श्वास घ्यायला जागा राहते. 'मॅक्स_वॉल_सेंडर्स'मध्ये दोन मोकळे हवेत. '-आर' हा पर्याय (कॉपीला स्टँडबाय म्हणून मांडणारा) देऊ नका.

कॉपी उतरली की लगेच सुरू करू नका. धोका याच टप्प्यावर असतो. स्टँडबायची 'पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ' तशीच आलेली असते, तिच्यात 'प्रायमरी_कनइन्फो' आणि 'प्रायमरी_स्लॉट_नेम' शिरोलीचेच. 'स्टँडबाय.सिग्नल' (सर्व्हरला स्टँडबाय म्हणून उठवणारी फाइल) हीही आलेली असते. तसंच सुरू केलं तर ही कॉपी शिरोलीला जाऊन स्टँडबायचाच स्लॉट मागते, आणि खरा स्टँडबाय नेमका तेव्हा रीकनेक्ट होत असेल तर त्याला बाहेर ठेवते. म्हणून आधी ऑटो फाइलमध्ये दोन्ही रिकामे करा, 'रिस्टोअर_कमांड' रिकामी करा, 'आर्काइव्ह_मोड' ऑफ करा, 'शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज'मधून पीजी_क्रॉन (वेळेवर जॉब चालवणारं एक्स्टेन्शन) काढा. ऑटो फाइल मुख्य फाइलवर मात करते, त्यामुळे बदल तिथेच झाला पाहिजे.

'बॅकअप_लेबल' (रिकव्हरी कुठून सुरू करायची ते सांगणारी फाइल) पुसू नका, पुसलात तर डेटा आतून बिघडलेला असू शकतो आणि सर्व्हर तरीही सुरू होईल. 'स्टँडबाय.सिग्नल'सुद्धा राहू द्या. ती काढून सुरू केलं तर कॉपी मूळच्याच टाइमलाइनवर उघडते आणि तिच्या वॉल फाइलची नावं शिरोलीच्या येणाऱ्या फाइलींशी जुळतात. आर्काइव्ह चुकून चालू राहिला असेल तर आपली फाइल आधी जाऊन बसते. शिरोलीची 'आर्काइव्ह_कमांड' नीट लिहिलेली असेल तर ती वर लिहायला नकार देते आणि वॉल तिथे साठायला लागते. नीट नसेल तर वर लिहिते. हे टाळायला सिग्नल ठेवून सुरू करा, लॉगमध्ये 'कन्सिस्टंट रिकव्हरी स्टेट' आल्याचं बघा, आणि मग 'पीजी_प्रमोट' द्या. टाइमलाइन स्वतंत्र होते.

पीजी_क्रॉन प्रमोटआधीच का काढायचा: स्टँडबाय अवस्थेत तो जॉब चालवत नाही, प्रमोट झाला की आपोआप चालू करतो. बिलानंतर एसएमएस पाठवणारा जॉब असेल तर टेस्टची रक्कम खऱ्या दूध उत्पादकाच्या मोबाइलवर जाईल. म्हणून त्या मशीनवरून बाहेर जाणारी सगळी दारं फायरवॉलवर बंद ठेवा: शिरोली, एसएमएस गेटवे, बँकेची फाइल टाकायचा सर्व्हर. अॅप्लिकेशनची टेस्टची कॉन्फिग फाइलही वेगळी हवी, नाहीतर ती पत्ता लाइव्हचाच वाचते.

पंचगंगा_रूट

यात मास्किंगची (खरी वैयक्तिक माहिती बदलून टाकण्याची) भर घालतो, टेस्टरना पासवर्ड देण्याआधी. आधार, बँक खाते, मोबाइल, नाव. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ आलेला आहे, आणि टेस्टच्या मशीनवर सहसा लाइव्हइतकी राखण नसते. मोबाइलच्या जागी शून्याने सुरू होणारे दहा अंक घाला, म्हणजे फायरवॉल चुकली तरी एसएमएस कुठे पोहोचणार नाही. खाते क्रमांकाची लांबी तीच ठेवा, नाहीतर बँक फाइलचा व्हॅलिडेशन उगाच पडेल. लिटर, फॅट, एसएनएफ आणि तारखांना हात लावू नका, तुमची टेस्ट त्यावरच उभी आहे. मास्किंगच्या 'अपडेट'नंतर 'व्हॅक्यूम अॅनालाइझ' चालवा, नाहीतर क्वेरीच्या वेळा फुगलेल्या टेबलावरच्या येतील.

वेळांवरून आठवलं: भाड्याच्या मशीनचे सेकंद शिरोलीचे समजू नका. क्वेरी प्लॅन आणि वाचलेले बफर यांची तुलना करा, 'एक्सप्लेन अॅनालाइझ बफर्स'ने.

मायमाती_डेव्ह

मायएसक्यूएलवाले वाचत असतील तर थोडं त्यांच्यासाठी. 'रीड_ओन्ली' लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका, रूटसारख्या सुपर अधिकाराच्या युजरला ते अडवत नाही. 'सुपर_रीड_ओन्ली' लावा, ५.७ मध्ये आलंय. रेप्लिकावर (मायएसक्यूएलच्या स्टँडबायवर) टेस्टची एक ओळ जरी घातली गेली तरी पुढे कधीतरी एरर १०६२ (तीच की दुसऱ्यांदा) येऊन रेप्लिकेशन थांबतं, आणि पुसली गेली तर १०३२ (ओळ सापडत नाही). जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनची ओळख) असेल तर ते ट्रान्झॅक्शन भटकं म्हणून रेप्लिकाच्या यादीत राहतं. आज काही दिसत नाही. फेलओव्हर करून तोच रेप्लिका प्रायमरी झाला की इतर रेप्लिका ते मागतात, आणि त्याचा बिनलॉग (बदलांची नोंद) तोवर पुसला गेला असेल तर जोडणीच तुटते. 'जीटीआयडी_सबट्रॅक्ट'ने रेप्लिकाच्या यादीतून प्रायमरीची यादी वजा करून बघा, उत्तर रिकामं यायला हवं.

दूधबिल_डीबीए

भाड्याच्या मशीनला होकार मिळाला, ११० जीबीचा हिशेब दाखवल्यावर. शेवटचं एक विचारतो. फेलओव्हरची ड्रिल तरी त्या पुण्याच्या स्टँडबायवरच करायची ना? का तीही कॉपीवर?

रंकाळा_एसक्यूएल

ड्रिल त्याच्यावरच. ती कॉपीवर केली तर डीएनएस, फायरवॉल, अॅपचे कनेक्शन यातलं काहीच तपासलं जात नाही. पण नुसतं प्रमोट करून बघू नका, अदलाबदल करा. संध्याकाळचं संकलन संपल्यावर अॅप थांबवा, शिरोलीचा पोस्टग्रेस 'फास्ट' मोडने नीट बंद करा, पुण्यात शेवटची वॉल पोहोचलीय हे दोन्हीकडच्या 'पीजी_कंट्रोलडेटा'तल्या चेकपॉइंटच्या जागेवरून जुळवा, मग पुणे प्रमोट करा. पुण्यावर स्लॉट नव्याने बनवावा लागेल, स्लॉट स्ट्रीमिंगमधून येत नाहीत. शिरोलीत 'स्टँडबाय.सिग्नल' घालून, कनइन्फो पुण्याकडे वळवून सुरू केलं की तो नव्या टाइमलाइनला लागतो. नीट बंद केलेला असल्यामुळे रिवाइंड लागत नाही. सकाळचं संकलन पुण्यावर होऊ द्या आणि दुपारी याच क्रमाने उलटं या.

'वॉल_लॉग_हिंट्स' मात्र त्याआधी दोन्हीकडे चालू करून घ्या, रीस्टार्ट लागतो. बिलाचा दिवस सोडून.